आपोआप फिरणारं चाक : बांधणीच्या आणि मोजमापाच्या नोंदी

२ जून

बांधायचं आहे ते असं: साठ सेंटीमीटर व्यासाचं लाकडी चाक, त्यावर आठ वाकड्या वाटा, प्रत्येक वाटेत एक पोलादी गोळा. उतरत्या बाजूचे गोळे घरंगळत परिघाकडे जाणार, चढत्या बाजूचे आसाकडे परतणार. म्हणजे एक बाजू कायम जड, आणि चाक कायम फिरतं. निदान दावा तरी असा आहे. चित्र काढलं की कुणालाही पटतं. मलाही दर वेळी दोन सेकंद पटतं.

हे चाक कायमचं फिरणार नाही हे बांधायच्या आधीच ठाऊक आहे. तरी बांधतोय, कारण "का फिरत नाही?" या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं, "घर्षणामुळे". मग पुढचा प्रश्न येतोच: घर्षण काढून टाकलं तर? भारीतलं बेअरिंग घातलं तर? "घर्षणामुळे" म्हणणाऱ्याकडे याचं उत्तर नसतं. म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या आहेत. आसाचं घर्षण किती खातं, आणि गोळ्यांचं सरकणं किती खातं.

कल्पना आजची नाही. ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात (इ.स. ६२८) पारा भरलेल्या पोकळ आऱ्यांचं चाक आहे. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीतल्या यंत्राध्यायात (११५०) तेच जास्त नेमकेपणाने येतं: हलक्या लाकडाचं चाक, सारख्या मापाचे पोकळ आरे, सारख्या अंतरावर, किंचित वाकडे, निम्मी पोकळी पाऱ्याने भरायची, तोंडं बंद करायची, आस दोन खांबांवर ठेवायचा की चाक "स्वयं भ्रमति". पुढे तेराव्या शतकात फ्रान्समधल्या व्हिलार द ऑनकूरच्या वहीत सात हातोड्यांचं चाक दिसतं. लिओनार्दो दा विंचीने अशी चाकं काढून पाहिली आणि ती चालणार नाहीत असा निकालही दिला. मी पारा घेणार नाही. त्याची वाफ विषारी असते, आणि चाक फुटलं की तो फटीफटीतून महिनोन्महिने निघत राहतो. तुम्हीही घेऊ नका.

५ जून

१२ मिमी प्लायवूडचं चाक कापलं. पट्टीच्या एका टोकाला खिळा आणि दुसऱ्या टोकाला राउटर (लाकूड कोरणारं यंत्र) बांधून वर्तुळ काढलं. जिगसॉने (विजेच्या बारीक करवतीने) कापलेली कड हातभर लांबून बरी दिसते, पण फिरवल्यावर लाटा दिसतात. राउटर मिळत नसेल तर जिगसॉने दोन-तीन मिमी बाहेरून कापा आणि चाक आसावर चढवून फिरवत फिरवत पॉलिश पेपरने कड उतरवा.

चाकाचं वजन दोन किलोच्या आसपास आहे. प्लायवूड घेताना सपाट फरशीवर ठेवून चारी कोपरे दाबून पाहा. डुगडुगणारा तुकडा फुकट मिळाला तरी नको. बाक आलेलं चाक डगमगत फिरतं आणि मग ती डगमग आहे की गोळ्यांचा धक्का, हे कळत नाही.

८ जून

आसाचं काम. बेअरिंग ६०८ नंबरचं घेतलं: आतला व्यास ८ मिमी, बाहेरचा २२, रुंदी ७. स्केटिंगच्या चाकांत असतं तेच, त्यामुळे कुठेही मिळतं. आस स्थिर ठेवला आणि बेअरिंगं चाकाच्या तुंब्यात (मधल्या ठोकळ्यात) बसवली.

एका बेअरिंगवर भागत नाही. गोळ्यांच्या वाटा चाकाच्या एकाच तोंडावर येणार, म्हणजे वजन एका बाजूला ओढतं आणि चाक तिरकं होतं. तुंबा लाकडी ठोकळ्याचा करून दोन बेअरिंगं साठ मिमी अंतरावर बसवली तेव्हा ते सरळ राहिलं.

आस म्हणून आधी ८ मिमीचा बोल्ट घातला होता. बोल्टच्या आट्यांचा माथा नावाला आठ मिमी असतो, प्रत्यक्षात थोडा कमी भरतो. बेअरिंगची आतली रिंग त्यावर खुळखुळते. गुळगुळीत सळई आणली आणि सगळं पुन्हा जोडलं. यात एक पूर्ण रविवार गेला.

९ जून

नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलेलं असतं. जड भार घेऊन जोरात फिरणाऱ्या यंत्रासाठी ते ठीक, आपल्या चाकासाठी ते चिखलासारखं. बाजूच्या पत्र्याच्या झाकण्या सुईने उचकटून काढल्या, बेअरिंगं केरोसीनमध्ये खळबळून धुतली, वाळवली आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. अगदी कोरडं ठेवलं तर आणखी थोडा वेळ फिरतं, पण खरखरतं आणि चार दिवसांत गंज धरतं.

१३ जून

संतुलन. गोळे घालायच्या आधी रिकामं चाक कुठल्याही जागी सोडलं तरी तिथेच थांबायला हवं. माझं दर वेळी एकाच जागी येऊन थांबत होतं, म्हणजे त्या जागी जड. समोरच्या कडेला मातीचा गोळा चिकटवायचा, सोडायचं, पुन्हा बघायचं. शेवटी मातीच्या वजनाएवढे स्क्रू मागच्या बाजूने बसवले.

क्रम लक्षात ठेवा: आधी बेअरिंग धुणं, मग संतुलन. ग्रीस असताना चाक "संतुलित" वाटतं, कारण ग्रीसच त्याला धरून ठेवतं.

१५ ते २० जून

गोळ्यांच्या वाटा. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि खर्चाचाही मोठा वाटा इथलाच, कारण गोळे. २५ मिमी व्यासाचा पोलादी गोळा साधारण ६४ ग्रॅम भरतो. आठही गोळे काट्यावर घालून पाहिले, फरक अर्ध्या ग्रॅमच्या आत.

वाटेच्या भिंतींसाठी तीन मिमी जाडीच्या लवचीक पट्ट्या वाकवून चाकाच्या तोंडावर चिकटवल्या. प्रत्येक वाट आसाजवळ सरळ निघते आणि परिघाकडे जाताना फिरण्याच्या दिशेने वळते. गोळ्याचा मध्य आतल्या टोकाला आसापासून १५ सेंमी, बाहेरच्या टोकाला २७. रुंदी आधी २६ मिमी ठेवली होती. सरळ भागात गोळा पळायचा आणि वळणावर अडकायचा, कारण वाकवलेली पट्टी वळणावर आत फुगते. २८ मिमी केल्यावर सुटला. त्याहून रुंद करू नका, मग गोळा भिंतींवर आपटत नागमोडी जातो. वरून पारदर्शक पट्टी लावली, नाहीतर गोळा बाहेर उडतो. पाव किलोचाही नाही, पण पायाच्या बोटावर पडला की कळतं.

टोकांना रबराचे तुकडे लावायचा मोह झाला. नाही लावले. आवाज ऐकायचाय.

२२ जून

पहिल्यांदा सगळे गोळे मोकळे सोडून चाक फिरवलं. जे दिसलं ते अपेक्षित नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

हाताने जोरात फिरवलं, मिनिटाला नव्वदच्या आसपास फेऱ्या. चाक एकदम शांत! एकही गोळा हलत नाही. सगळे परिघाला चिकटून बसलेले, आणि चाक एखाद्या साध्या चाकासारखं सुरेख फिरतंय. बराच वेळ असंच. मग वेग उतरत आला आणि अचानक एक "खट्ट" आवाज. मग आणखी एक. मग खट्ट-खट्ट-खट्ट अशी माळ लागली आणि सहा-सात फेऱ्यांत, पंधरा सेकंदांच्या आत, चाक ठप्प. थांबतानाही सरळ थांबलं नाही. पुढे गेलं, थबकलं, मागे आलं, झुलत झुलत स्थिरावलं.

मोबाइलवर संथ चित्रण करून वेग मोजला. पहिला खट्ट मिनिटाला पंचावन्न फेऱ्यांच्या आसपास येतो. गणित बसतं: २७ सेंमी त्रिज्येवर मिनिटाला ५७-५८ फेऱ्या झाल्या की गोळ्याला वर्तुळात ठेवायला लागणारं त्वरण गुरुत्वाच्या त्वरणाएवढं होतं. त्याहून वेगात असेल तर चाकाच्या माथ्यावर पोचलेला गोळासुद्धा खाली येत नाही, परिघालाच दाबून बसतो.

याचा अर्थ मजेशीर आहे. चाक छान फिरत होतं तेव्हा "यंत्र" बंद होतं. यंत्र चालू झालं आणि चाक थांबलं.

२३ जून

आता खरी तुलना. गोळे तेच, वजन तेच, चाक तेच. फक्त आठही गोळे परिघाकडच्या टोकाला चिकटपट्टीने घट्ट बांधले आणि फिरवलं. पंचावन्न फेऱ्यांच्या वेगापासून पूर्ण थांबेपर्यंत चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ. मोकळे गोळे: पंधरा सेकंदांच्या आत.

ज्या सरकण्याच्या जोरावर चाक कायम फिरायचं, ते सरकणं थांबवलं की चाक जास्त फिरतं. बेअरिंग दोन्ही वेळा तेच. तेव्हा दोष आसाच्या घर्षणावर ढकलता येणार नाही.

ही एकच चाचणी केली तरी पुष्कळ झालं. चाक बांधणाऱ्या प्रत्येकाने ती आधी करावी असं मला वाटतं. इंटरनेटवर दिसणाऱ्या बहुतेक "फिरत्या" चाकांच्या चित्रणात ती कुणी करत नाही, आणि कोण कशाला करेल म्हणा.

२६ जून

गोळ्यांचं सरकणं नेमकं किती खातं ते मोजायचं होतं. फिरत्या चाकावर ते मोजणं कटकटीचं, म्हणून स्थिर चाकावर मोजलं. चाकाच्या कडेवर दोरा गुंडाळला, दोऱ्याच्या टोकाला कागदी कप लटकवला आणि कपात ग्रॅमची वजनं टाकत गेलो. चाक पाच-पाच अंश पुढे न्यायचं आणि प्रत्येक जागी ते तोलून धरायला किती ग्रॅम लागतात ते लिहायचं. चाक पुढे जायला बघत असेल तर पुढे, मागे ओढत असेल तर मागे.

आठ वाटा सारख्या असतील तर ४५ अंशांपुरतं मोजलं की काम झालं. माझ्या वाटा तंतोतंत सारख्या नाहीत, म्हणून पूर्ण फेरी मोजली. कंटाळवाणं काम आहे. पंखा बंद ठेवा, कप हलतो.

एक गोळा खट्टकन बाहेर पडला की लगेच चाक पुढे ओढतं, पण जेमतेम दोन-तीन ग्रॅम. थोडं फिरलं की शून्य. त्यानंतर मागे, मागे, मागे, चोवीस ग्रॅमपर्यंत, आणि मग पुढचा गोळा पडतो. ४५ अंशांत हाच खेळ पुन्हा. म्हणून चाक सोडलं की थोडं हलून त्या शून्याच्या जागी बसतं. अशा आठ जागा आहेत.

पूर्ण फेरीची सरासरी: मागे १२ ग्रॅम.

चाक उलट दिशेने नेऊन तेच मोजलं. एका दिशेला मागे ओढत असेल तर उलट फिरवल्यावर पुढे ढकलेल, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. उलट नेतानाही सरासरी विरोधच, जवळपास तेवढाच. कुठेही जा, चाक नको म्हणतं.

२७ जून

१२ ग्रॅम कुठून आले? गोळे बांधून तीच चाचणी केली तर कडेवर ग्रॅमभर वजनाने चाक चालू लागतं. तेवढं बेअरिंगचं. उरले ११.

उतरत्या बाजूला उभं राहून एकाच गोळ्याकडे बघत राहिलो. वाट वरून खाली येताना गोळा आतल्या टोकाला बसलेला असतो. वाट आडवी झाली तरी तो हलत नाही, कारण आतला भाग अजून सपाट आहे. मग जरा पुढे, आणि गोळा सुटतो. पुढची वाट खाली वळलेली, त्यामुळे तो धावत सुटतो आणि टोकाच्या भिंतीवर आपटतो. या धावण्यात तो किती खाली आला ते पट्टी लावून मोजलं: साधारण ४ सेंमी. चढत्या बाजूला हाच वाक उलटा पडतो, तिथे गोळा तळ शोधत हळूहळू आत येतो, आवाज नाही.

म्हणजे दर फेरीला प्रत्येक गोळा ४ सेंमी पडतो, आणि ते पडणं चाकाला काही न देता भिंतीवर संपतं. ते ४ सेंमी त्याला पुन्हा वर चढवायचं काम मात्र चाकाच्या गळ्यात. ६४ ग्रॅम गुणिले ४ सेंमी गुणिले ८ गोळे, २०४८. चाकाचा परीघ १८८ सेंमी. भागाकार केला: १०.९.

कपात मोजलेले ११ आणि कागदावरचे १०.९. हे आकडे इतके जवळ येतील असं वाटलं नव्हतं. थोडा योगायोग असणार, माझी ४ सेंमी अर्धा सेंमी इकडे तिकडे असू शकते. पण हिशोब कुठला आहे ते कळलं.

त्या खट्टचं पुढे काय होतं? थोडा आवाज, बाकी उष्णता. १८४२ ते १८४७ या वर्षांत मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांनी ऊर्जेचा हा जमाखर्च पक्का केला. जूलने तर पडणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून पाणी किती तापतं ते मोजलं. माझे गोळे किती तापले ते मोजायचा विचार होता, पण पंचावन्न फेऱ्यांवर चाकात दोन ज्यूलच्या (ज्यूल हे ऊर्जेचं एकक) थोडी वर ऊर्जा असते. ती सगळी अर्ध्या किलो पोलादात गेली तरी तापमान एका अंशाच्या शंभराव्या भागानेही वाढत नाही. थर्मामीटर परत ठेवला.

३० जून

भाचा येऊन चाक फिरवून गेला. त्याचा प्रश्न अपेक्षित तोच: "मामा, घर्षण अजिबातच नसतं तर?"

दोन चाकं वेगळी धरावी लागतात. गोळे बांधलेलं चाक, घर्षण शून्य, हवा शून्य: ते फिरतच राहील. पण त्यात नवल काही नाही, त्यातून काम काढायला गेलात की तेवढं मंदावेल. गोळे मोकळे असलेलं चाक मात्र आसाला घर्षण नसलं तरी थांबेल, कारण त्याला थांबवणारी गोष्ट आसात नाहीच, ती खट्टमध्ये आहे.

"मग खट्ट होणारच नाही अशी वाट कर." हा त्याचा पुढचा डाव, आणि चांगला डाव. वाट अशी वाकवायची की गोळा कुठेच न पडता सावकाश घरंगळेल. केलं तर मागे ओढणारे ११ ग्रॅम कमी होत जातील: पाच, दोन, एक. अगदी उत्तम वाट जमली तर शून्य. पण शून्याच्या पलीकडे, पुढच्या बाजूला, एक ग्रॅमही जाणार नाही. पूर्ण फेरी झाली की प्रत्येक गोळा निघाला त्याच उंचीवर परत येतो. जेवढा उतरला तेवढाच चढला. मधे कुठल्या वाटेने गेला याने शिल्लक वाढत नाही.

त्याला हे पटलं नाही, "बघू" म्हणाला. एका वाटेची पट्टी काढून दिली आहे, हवी तशी वाकव म्हटलं.

चित्रात एक बाजू जड का दिसते, हेही त्याच्याबरोबर चाक अडवून पाहिलं. परिघाला गेलेले गोळे बहुतेक तळाशी जमा होतात. तळाशी लटकलेला गोळा आसाच्या बरोबर खाली, तो चाक कशाला फिरवेल? नजर मात्र "बाहेर गेलेले" गोळे मोजते, ते आसाच्या किती आडवे बाहेर आहेत ते मोजत नाही.

४ जुलै

भास्कराचार्यांची रचना, पाऱ्याऐवजी रंगीत पाणी. प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळ्या, निम्म्या भरलेल्या, दोन्ही टोकं बंद, किंचित वाकवून दुसऱ्या चाकावर बांधल्या.

पहिल्या नळ्या आतून ५ मिमीच्या होत्या. चाक फिरवलं तर मस्त फिरलं, गोळ्यांच्या चाकापेक्षा किती तरी जास्त. क्षणभर वाटलं की पाण्यात काहीतरी आहे. जवळून पाहिलं तर नळीत पाणी जिथल्या तिथे. इतक्या बारीक बंद नळीत पृष्ठताण पाण्याला बुचासारखं धरून ठेवतो, नळी उलटी केली तरी ते उतरत नाही. म्हणजे हे पुन्हा बांधलेल्या गोळ्यांचंच चाक.

१२ मिमीच्या नळ्या घातल्यावर पाणी नीट वाहू लागलं आणि चाक लवकर थांबू लागलं. गोळ्यांच्या चाकाइतकं लवकर नाही, कारण पाणी आपटत नाही, घुसळतं. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, म्हणून ओढही तेवढी मोठी आणि तोटाही तेवढा मोठा. जड पदार्थाने फक्त आकडे वाढतात.

७ जुलै

चुंबकांचं चाक. कडेला तिरके निओडिमियम चुंबक, बाहेर एक स्थिर चुंबक. एका जागेपर्यंत चाक झपकन ओढलं जातं आणि तिथेच अडकतं. जितक्या जोराने आत ओढलं तितक्याच जोराने बाहेर सोडायला नकार. कपाची चाचणी इथेही केली, पुढच्या-मागच्या ग्रॅमांची बेरीज शून्याच्या आसपास. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. बोटं सांभाळा, दोन चुंबकांमध्ये कातडी सापडते.

११ जुलै

चाक बघून जाणारे हटकून विचारतात, की पूर्वी कुणाचं तरी चाक चाललं होतं म्हणतात ते काय. बहुतेकांच्या मनात योहान बेसलर असतो, टोपणनाव ऑर्फिरेयस. जर्मनीत कासेलजवळच्या वाइसेनश्टाइन किल्ल्यात त्याचं सुमारे बारा फुटी चाक १२ नोव्हेंबर १७१७ ला खोलीत फिरतं ठेवून दारं मोहोरबंद केली. ४ जानेवारी १७१८ ला, ५४ दिवसांनी, उघडली तर चाक फिरतच होतं. आतली रचना त्याने आश्रय देणाऱ्या कासेलच्या राजाखेरीज, लांडग्राफ कार्लखेरीज, कुणाला पाहू दिली नाही. १७२१ मध्ये डच शास्त्रज्ञ स्ख्राव्हेसांडेने बाहेरून तपासणी केली, त्यानंतर बेसलरने चाक स्वतःच फोडलं. १७२७ मध्ये त्याच्या मोलकरणीने जबानी दिली की चाक शेजारच्या खोलीतून हाताने फिरवलं जायचं. जबानी खरी की खोटी यावर आजही वाद घालणारे आहेत.

मला त्याहून चार्ल्स रेडहेफरचा किस्सा आवडतो, कारण तो कानाने पकडला गेला. १८१३ मध्ये न्यूयॉर्कला त्याचं यंत्र पाहायला रॉबर्ट फुल्टन गेला, आगबोटवाला. त्याच्या लक्षात आलं की यंत्र एका लयीत फिरत नाही, हाताने दांडा फिरवल्यासारखं कमी-जास्त होतंय. त्याने बाजूच्या लाकडी पट्ट्या उखडल्या तर मागे तातीचा पट्टा निघाला, तो भिंतीतून थेट माळ्यावर गेलेला, आणि माळ्यावर एक म्हातारा दांडा फिरवत बसलेला. माझ्या चाकाच्या खट्टकडे लक्ष द्यायला या किस्स्यानेच शिकवलं.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच ठरवून टाकलं होतं की अशा यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासायचे नाहीत. आठवडाभर कपात ग्रॅम टाकल्यावर मला त्या सभासदांची दया येते.

उलट बाजूचं एक खरं उदाहरणही सांगतो, कारण त्यानेही लोक फसतात. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठात १८६४ सालचं बेव्हर्ली घड्याळ आहे. त्याला चावी द्यावी लागत नाही. पण ते दिवसभरातल्या तापमानाच्या चढउतारावर चालतं. बंद पेटीतली हवा फुगते-आकसते आणि वजन वर उचलते. त्याला रोज कुणीतरी भरवतंय, फक्त तो हात दिसत नाही.

१४ जुलै

बेसलरचे ५४ दिवस माझ्या चाकाला लावून पाहिले: मिनिटाला २० फेऱ्या, छुपी मोटर, मोटरचा स्वतःचा तोटा शून्य धरून.

गोळे बांधलेले असतील तर कडेवर ग्रॅमभर विरोध, म्हणजे दर फेरीला सुमारे ०.०१८ ज्यूल. ५४ दिवसांचे २९ हजार ज्यूल. भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या एका चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये ढोबळमानाने १० हजार ज्यूल असतात. तीन सेल पुरले.

गोळे मोकळे सोडले तर १२ ग्रॅम, दर फेरीला ०.२२ ज्यूल, ५४ दिवसांचे साडेतीन लाखांच्या आसपास. पस्तीस सेल.

तेव्हा कुणाला हे चाक खोटं चालवून दाखवायचं असेल तर गोळे आतून चिकटवून टाका, सेल कमी लागतील.

१६ जुलै

भाच्याने वाकवलेली वाट चाकावर बसवली. त्याने परिघाकडचा वाक जवळजवळ काढून टाकला आहे, त्यामुळे गोळा आता खट्ट करत नाही, नुसता टक् वाजतो. एकाच वाटेने सरासरी १२ वरून ११ वर आली. उरलेल्या सात वाटांच्या पट्ट्या त्याने मागितल्यात. साचा त्याच्या वाटेवरून काढला आहे. पट्ट्या कापताना लांबी दोन सेंमी जास्त ठेवा, वाकवल्यावर टोकं फाटतात आणि तेवढी छाटावी लागतात.